पागनीसांची जर्मन पाटी

मागासलेले देश पुढे येतात ते नकलेच्या बळावर, असं मी सरकारी कॉलेजात सबंध नोकरीभर शिकवलं. जे देश आधी पुढे गेले त्यांनी चुकतमाकत यंत्रं शोधली, कायदे केले, संस्था उभ्या केल्या. मागून येणाऱ्यांना ते सगळं तयार मिळतं. उचलून आणायचं आणि वापरायचं. मुलं हे वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत एकही शब्द न बदलता परत देत, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल मला कधी शंका आली नाही.

शंका आली ती निवृत्तीनंतर. भोपाळच्या आनंद नगरात आम्ही फ्लॅट घेतला आणि पहिल्याच सकाळी वरच्या मजल्यावरून कवायतीच्या सुरात आरोळी आली.

“गॅस! बंद!”

थोडी शांतता. मग, “नळ! बंद!” पुन्हा शांतता. “पंखा! बंद! कुलूप! लागलं!”

कुणीतरी कुणालातरी झापतंय असं वाटून मी वर गेलो. दारासमोर पंचाहत्तरीच्या आसपासचे, ताठ कण्याचे एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीची पँट, आणि दोन्ही हातांत पांढरेशुभ्र हातमोजे. उजवा हात खांद्यापासून सरळ करून ते स्वतःच्याच कुलपाकडे बोट दाखवत होते. माझी चाहूल लागताच ते बोट वळलं, माझ्या छातीवर येऊन थांबलं आणि ते म्हणाले, “नवीन शेजारी! आले!”

हे भास्करराव पागनीस. मूळचे इंदूरचे, आणि रायसेन रोडवरच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बोटाचा खुलासा त्यांनीच केला. जपानात रेल्वेचे ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्यानं म्हणतात, म्हणजे चूक होत नाही. कारखान्यात एकदा त्याची फिल्म दाखवली होती. बाकीच्यांनी ती पाहिली, समोसे खाल्ले आणि घरी गेले. पागनीस घरी गेले आणि बोट दाखवू लागले.

“आणि हातमोजे?” मी विचारलं.

“फिल्ममध्ये होते.”

“पण ते कशासाठी?”

“तुम्ही प्रोफेसर ना? तुम्ही लोक कारण विचारून राहता आणि तिकडे गाडी निघून जाते. आपलं सूत्र सोपं आहे. आधी जसंच्या तसं. कारण मागाहून!”

नंतर मला कळलं की याच पद्धतीनं ‘कुलूप! लागलं!’ म्हणून ते दोनदा किल्ली आत ठेवून बाहेर अडकले होते. “किल्लीकडे का नाही बोट दाखवत?” असं मी एकदा विचारलं. “फिल्ममध्ये किल्ली नव्हती,” ते म्हणाले. हा माणूस चेष्टा करतोय की मनापासून बोलतोय, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही बराच काळ कळलं नाही.

कारखान्यात पागनीस ज्या विभागात होते, तिथे परदेशी यंत्रांचे भाग येत. ते उघडायचे, मोजायचे, त्यांची ड्रॉइंग काढायची आणि तसेच भाग आपल्याकडे बनवायचे. पागनीसांची ड्रॉइंग देखणी असत असं सगळेच सांगतात. नमुन्यात जे आहे ते सगळं कागदावर येई, केसाचाही फरक नसे. त्यांच्या शेजारच्या टेबलावर नागपूरचे देवतळे बसत. दोघं एकाच वर्षी लागलेले, दोघं तरुणपणी कारखान्यातर्फे जर्मनीला एकत्र शिकून आलेले, दोघं एकाच डब्यातून जेवणारे. एकदा एका परदेशी मशीनचं बिडाचं झाकण नमुन्याला आलं. त्याच्या एका कडेला एक भोक होतं. पागनीसांनी झाकण मोजलं, भोक मोजलं, भोकाची उजवीकडची किंचित तिरपी कडसुद्धा मोजली, आणि कारखान्यानं भोकासकट झाकणं ओतायला घेतली. बरीच वर्षं ती ओतली गेली. भोकातून तेल गळू नये म्हणून एक बूच लागायचं, तेव्हा बुचाचंही वेगळं ड्रॉइंग झालं.

मग एक परदेशी पाहुणा आला. त्यानं झाकण हातात घेतलं आणि देवतळ्यांना काहीतरी विचारलं. दुपारी सगळे साहेब जमलेले असताना देवतळे उभे राहिले. त्यांचा स्वभाव गमत्या.

“साहेब, या भोकाचा पत्ता लागला,” ते म्हणाले. “नमुना जहाजातून उतरवताना त्याची कडी तुटली होती. मग कोण्या हमालानं दोरी बांधायला हे भोक पाडलं. आम्ही दोरी सोडून सारं बनवलं!”

म्हणतात की अख्खा हॉल हसला आणि पाहुण्याला भाषांतर करून सांगितल्यावर तो वेगळा हसला. पागनीस हसले नाहीत. त्यांनी आपल्या पट्ट्या आणि पेन्सिली ड्रॉवरमध्ये ठेवल्या, आणि त्या दिवसापासून देवतळ्यांशी बोलणं बंद केलं. देवतळे दोन-चार दिवस ‘अरे, गंमत केली ना बाप्पा’ म्हणत मागे फिरले. मग त्यांनाही राग आला.

ही गोष्ट मला पागनीसांनी स्वतः सांगितली, अगदी कोरड्या आवाजात. शेवटी म्हणाले, “एक सांगा प्रोफेसर. भोक असून मशीन चाललं की नाही?”

“चाललं.”

“मग भोक नसतं तर चाललंच असतं याची गॅरंटी कोण देणार?”



पुढे कारखान्यातल्या लोकांनी मिळून ही इमारत बांधली. चार मजले, आठ फ्लॅट. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा एक नंबर देवतळ्यांना निघाला, तळमजल्यावर; आठ नंबर पागनीसांना, अगदी वर. लोक म्हणाले, देवालाही यांच्यामध्ये तीन मजले ठेवावेसे वाटले. मी नंतर आलो, पाच नंबरमध्ये, एका दिल्लीला गेलेल्या सभासदाकडून घर विकत घेऊन.

सोसायटीची नियमावली करायचं काम पागनीसांकडे होतं. त्यांनी नमुना शोधला. नमुना असा हवा की सरकारदरबारी एकदाही परत आलेला नसावा. तो त्यांना बड्या तलावावरच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत मिळाला. त्यांनी नावं बदलली, बाकी सगळं जसंच्या तसं. नियमावली पहिल्या फेरीत मंजूर झाली. आजही आमच्या इमारतीत कोणत्याही सभासदाला पावसाळ्यात जाळं टाकण्याची मनाई आहे, आणि मी खात्रीनं सांगतो, हा एकच नियम आजवर कुणीही मोडलेला नाही.

पण पागनीसांची खरी कामगिरी म्हणजे पाटी.

जर्मनीत शिकायला गेले असताना ते आणि देवतळे एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहत. तिथे जिना झाडायची पाळी असे. ज्या घराची पाळी त्या घराच्या दारावर आठवडाभर एक लाकडी पाटी लटकायची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. ना कुणी ओरडायचं, ना कुणी विसरायचं, जिना आरशासारखा. पागनीसांनी ही पाटी डोक्यात साठवून आणली होती आणि आपली इमारत उभी राहताच त्यांनी ती बनवून घेतली. तांबडी दोरी, काळी अक्षरं, आणि अक्षरं जर्मन.

“निदान हिंदीत लिहा,” असं तेव्हाच कुणीतरी सुचवलं होतं म्हणे.

“तिकडे हिंदीत नव्हतं,” पागनीस म्हणाले.

त्यामुळे कुरिअरची मुलं ते घरमालकाचं नाव समजतात. एकानं मला सहानुभूतीनं विचारलं होतं, “सर, ये लोग हर हफ़्ते मकान क्यों बदलते हैं?”

आता अडचण अशी की आमच्याकडे जिना झाडायला मुन्नीबाई आहे. ती सोसायटीची पगारी माणूस, रोज सकाळी येते आणि वरून खालपर्यंत झाडत जाते. मग ज्याच्या दारावर पाटी आहे त्यानं करायचं काय? माझ्या आधी या विषयावर तीन सभा झाल्या होत्या. एकानं सुचवलं, पाटीवाल्यानं देखरेख करावी. एकानं दोन दिवस केली, मुन्नीबाई म्हणाली, “साब, आप सीढ़ी पे खड़े रहोगे तो मैं झाड़ू कहाँ मारूँ?” देखरेख बंद झाली. पाटी मात्र फिरत राहिली, कारण ती थांबवायला पागनीस तयार नव्हते. “आधी जसंच्या तसं,” ते म्हणत. “कारण येईल मागाहून.”

आणि कारण आलं, पण कुणी बोलावलं नव्हतं तिकडून. मुन्नीबाईनं स्वतःच ठरवून टाकलं की ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याकडे सकाळचा चहा. आधी तिला आठ दारांत विचारावं लागे आणि कुणीच देत नसे. आता ती पाटी बघते आणि बेल वाजवते. चहा मिळतो, कधी सोबत पोहे. मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे उदाहरण सांगून पाहिलं: संस्था उचलून आणली एका कामासाठी, रुजली दुसऱ्याच कामासाठी. ते म्हणाले, यात सिद्धान्त काय आहे?  दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझी बायको सुधा विळी-अडकित्त्याबरोबर पाटीलाही हळदकुंकू लावते. पागनीस पाहतात आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं अक्षरं पुसून जातात.

एका बाबतीत मात्र ते कुणाचं काही चालू देत नसत. पाटी नुसती दारावर अडकवून निघून जायचं नाही. रविवारी सकाळी बेल वाजवायची. समोरचा बाहेर येईपर्यंत उभं राहायचं. दोन्ही हातांनी पाटी द्यायची आणि म्हणायचं, “सीढ़ियाँ आपके हवाले.” घेणाऱ्यानं दोन्ही हातांनी घ्यायची आणि म्हणायचं, “सीढ़ियाँ मिल गईं.” इमारतीत सगळ्या प्रांतांची माणसं, म्हणून वाक्यं हिंदीत. कुणी टाळाटाळ केली की पागनीस दारात हजर. “जर्मनीत असंच होतं,” एवढंच म्हणत, आणि समोरचा मुकाट्यानं पायजमा नीट करून पुन्हा बेल वाजवायला जाई.

आठाच्या नंतर एक. म्हणजे आपली पाळी संपली की पागनीसांना सगळे मजले उतरून देवतळ्यांच्या दारात जावं लागे. त्या रविवारी ते नवा सदरा घालत, हातमोजे धुतलेले. मी एकदा जिन्यात उभा राहून पाहिलं आहे. बेल. दार उघडलं. देवतळे बनियनवर शर्ट चढवून, बटणं लावून बाहेर आले. ते नेहमी लावतात. एरवी दूधवाल्यासमोर बनियनवरच असतात.

“सीढ़ियाँ आपके हवाले.”

“सीढ़ियाँ मिल गईं.”

दोघंही मराठी, आणि एकमेकांशी हिंदीत, तेही एखाद्या किल्ल्याच्या किल्ल्या सोपवाव्यात तसे. मग दार लागलं. पागनीस कठड्याला धरून वर निघाले. मी म्हटलं, “गुडघे दुखत असतील. मुन्नीबाईजवळ देत जा ना पाटी.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पावसाळ्यात जाळं टाकताना सापडलो होतो.

मग पागनीसबाई गेल्या.

दोन दिवसांचं आजारपण, आणि गेल्या. मुलगी हैदराबादहून आली. वरच्या घरात सतरंज्या टाकलेल्या, माणसं येऊन बसत होती, उठत होती. पागनीस खुर्चीत होते. त्या सकाळी वरून एकही आरोळी आली नव्हती. गॅस बंद की चालू, कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर होती. दुपारी मी वर जायला निघालो तर खिळ्यावर पाटी नाही. पाहतो तर देवतळे ती घेऊन जिना चढत होते. दर चार पायऱ्यांनी थांबत, श्वास घेत, पुन्हा चढत. मी मागे गेलो. मला वाटलं, माणूस गोंधळलाय, वय झालंय.

देवतळे दारात उभे राहिले. चप्पल काढली. माणसांनी वाट दिली. ते सरळ खुर्चीपाशी गेले आणि दोन्ही हात पुढे केले.

“सीढ़ियाँ आपके हवाले.”

पागनीस उठले. हात धोतराला पुसले. पाटी घेतली.

“सीढ़ियाँ मिल गईं.”

देवतळे वळले. चप्पल घातली आणि खाली गेले.

रात्री जेवताना मी सुधाला म्हटलं, “मला एक कळत नाही. पाळी माझी होती. माझ्यानंतर सहा, मग सात. देवतळ्यांना पाटी नेण्याचा अधिकारच नव्हता. आणि पागनीसांसारखा नियमाचा माणूस, त्यांनी ती घेतली कशी?”

सुधानं पोळी वाढायची थांबवली. “तुम्ही खरंच प्रोफेसर शोभता,” ती म्हणाली.

पागनीस पुढच्या रविवारी नियमाप्रमाणे आठाकडून एकाकडे गेले. मधल्या सहा आणि सात नंबरची पाळी बुडाली. सात नंबरनं काही महिने तक्रार केली की आमच्याकडून चहा पाजायचा राहिला आणि मुन्नीबाई आम्हाला कंजूष समजते.

सहा नंबरमध्ये आता राहुल तिवारी राहतो. हबीबगंजजवळच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. चांगला, मनमिळाऊ मुलगा. आल्यापासून तो सोसायटी सुधारतोय. पाण्याची टाकी भरली की फोनवर कळतं. गेटवर कोण आलं ते फोनवर कळतं. यंदाच्या थंडीत त्यानं पाटीचा विषय काढला. जिन्याची पाळी ॲपवर येईल, मुन्नीबाईला चहा कुणाकडे तेही ॲपवर येईल, मग ही जर्मन फळी कशाला? त्यानं सभा बोलवायला सांगितलं. सेक्रेटरी मी असल्यामुळे मी नोटीस लावली.

संध्याकाळी पागनीस आमच्याकडे आले. हातमोजे नव्हते. मी त्यांचे उघडे हात पहिल्यांदाच इतके जवळून पाहिले. नखं स्वच्छ कापलेली.

“पाटी राहील ना, प्रोफेसर?”

“मतदान होईल.”

“हो. ते बरोबर आहे. मतदान व्हायला पाहिजे.”  चहा घेतला नाही. जाताना दारावर हात ठेवून पुन्हा म्हणाले, “पण राहील ना?”

त्यानंतर तीन-चार सकाळी वरून आरोळी आली नाही. मी सुधाला म्हटलं, “माणसाचा हट्ट बघ. एका फळीसाठी.”

“पाटी गेली तर ते दोघं बोलणार कसे?” सुधा म्हणाली.

“ते तसेही कुठे बोलतात? वर्षातून मोजून काही वेळा दोन वाक्यं. तीही हिंदीत.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, बोलणं अर्धवट राहिलं. आत जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, पूर्ण झालं होतं.

सभा रविवारी सकाळी गच्चीवर झाली. ऊन चांगलं होतं, दूर कारखान्याची धुराडी दिसत होती. मी, तिवारी, तीन नंबरच्या चौरसिया भाभी, पागनीस. आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते याचं, की कुठल्याच सभेला न येणारे देवतळे एकेक पायरी चढत वर आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले. पागनीसांच्या शेजारचीच तेवढी रिकामी होती. दोघं समोर बघत राहिले.

तिवारीनं फोन फिरवून दाखवला. “देखिए, बेसिकली, जिसकी बारी उसको सुबह सात बजे मैसेज। ना किसी के घर जाना, ना बोलना। एकदम ज़ीरो झंझट।”

“मेरे घुटनों के लिए तो वरदान है,” भाभी म्हणाल्या.

पागनीस उठले. हातमोजे घातलेले होते. त्यांनी जर्मनीबद्दल सांगितलं. तिथले जिने, तिथली शिस्त, तिथली लाकडं. पाटी देण्याची पद्धत. बेल, दोन हात, दोन वाक्यं. “पूरी दुनिया ने उनसे सीखा है,” ते म्हणाले.

“अंकल जी, रिस्पेक्ट है,” तिवारी म्हणाला, “पर अब तो जर्मनी में भी ऐप ही होगा।”

हे पागनीसांच्या डोक्यात आलं नव्हतं. 

“एक वजह बता दीजिए, बस एक,” तिवारी अगदी आदरानं म्हणाला. “घर-घर जा के हाथ में क्यों देना है?”

जन्मभर जे कारण मागाहून यायचं होतं, ते यायची वेळ आता झाली होती. पागनीसांनी हातमोज्याचं एक बोट ओढून सरळ केलं. “जर्मनी में...” ते म्हणाले.

तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून देवतळे माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले, “प्रोफेसर, हा खोटं बोलून राहिला.”

मला झाकणाचं भोक आठवलं. तो हॉल, ते हसू. मी म्हणणार होतो की देवतळेसाहेब, राहू द्या. पण ते उभे राहिले होते.

“जर्मनीत मी पण होतो ना याच्यासोबत. एका खोलीत राहत होतो आम्ही. तिथं कोणी बेल नव्हतं वाजवत. सकाळी उठून पाहावं तर पाटी आपल्या दारावर. कोण लटकवून गेलं, पत्ता नाही. शेजारच्या बाईचं तोंड नाही पाहिलं आम्ही शेवटपर्यंत. हे बेल वाजवणं, समोर उभं राहणं, हातात देणं, हे हवाले-बिवाले, तिथं काहीच नव्हतं. नमुन्यात हे नव्हतंच.” ते थांबले. “हे यानं इथं घातलं. आपल्या मनानं.”

पागनीस खाली बघत होते. हमालानं पाडलेलं भोकसुद्धा ज्यानं तिरप्या कडेसकट उतरवून घेतलं, त्या माणसानं आयुष्यात एकदाच नमुन्यात नसलेली गोष्ट बनवली होती, आणि ती इतकी वर्षं जर्मनीच्या नावावर चालवली होती.

या वेळी कुणी हसलं नाही. त्याचं मुख्य कारण, तिवारी आणि भाभींना मराठी येत नाही.

“क्या बोले अंकल?” तिवारीनं मला विचारलं.

“कह रहे हैं,” मी म्हणालो, “जर्मनी में घंटी नहीं बजाते थे।”

“वही तो!” तिवारी खूश झाला. “ऐप में भी घंटी नहीं है। साइलेंट पे रहेगा।”

मी मत घ्यायला सांगितलं. ॲपच्या बाजूनं तिवारीचा हात वर झाला, मग भाभींचा.

पाटीच्या बाजूनं पागनीसांचा हात वर गेला. खांद्यापासून सरळ, पांढरा, सिग्नलसारखा. आणि त्याच्या शेजारी, त्याच्याकडे न बघता, देवतळ्यांचा.

“चुकीची आहे पाटी,” देवतळे म्हणाले. “पण माझं मत पाटीला.”

पागनीसांनी मान वळवली. मला वाटतं ते काहीतरी म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही. देवतळ्यांना आलं असावं, कारण त्यांनी ‘हूं’ केलं.

दोन विरुद्ध दोन. आता सगळे माझ्याकडे बघू लागले. सभेचा अध्यक्षही मीच होतो, आणि अध्यक्षाचं मत निर्णायक. सबंध नोकरीत मी प्रत्येक प्रश्नाला ‘एकीकडे असं म्हणता येईल’ आणि ‘दुसरीकडे तसंही म्हणता येईल’ असं उत्तर दिलं होतं आणि त्यावर पेन्शन मिळवली होती. तिवारीचं म्हणणं बरोबर होतं. भाभींचे गुडघे खरे होते. आणि ते दोन हात अजून खाली आले नव्हते.

मी वेळ काढायला म्हणून हजर सभासद एकदा मोजले. मग पुन्हा मोजले. सभेला आठपैकी सहा जण लागतात. आम्ही पाच होतो. नियमाप्रमाणे ती सभा झालीच नव्हती.